शून्य आलेल्या बागा कुठे गेल्या? एका शोधनिबंधातला सिम्युलेशनचा आलेख पुन्हा काढताना

(संबंधितांची ओळख पटू नये म्हणून विभाग, विद्यार्थिनी, मार्गदर्शक आणि मूळ शोधनिबंध यांची नावे दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका पदव्युत्तर संख्याशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी विषय घेतला होता काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्राबागांमधला डिंक्या रोग. बागेत २० झाडे यादृच्छिक पद्धतीने निवडायची, बुंध्यावर डिंक ओघळलेला आणि साल कुजलेली दिसली की झाड रोगट धरायचे, आणि प्रत्येक बागेतल्या रोगट झाडांच्या प्रमाणाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरे प्रमाण ज्यात असावे असा आकड्यांचा पट्टा) द्यायचा, असा आराखडा होता.

इंटरव्हल कोणता वापरायचा, हा प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. नमुना २० चा आणि प्रमाण पाच-दहा टक्क्यांचे असेल, तर पाठ्यपुस्तकातला नेहमीचा वाल्ड इंटरव्हल फार फसवा ठरतो. विद्यार्थिनीला एक शोधनिबंध सापडला. त्यात वाल्ड, १९२७ चा विल्सन आणि लॉजिट अशा तीन इंटरव्हलांची तुलना होती. खरे प्रमाण ०.०५ ते ०.५०, दर ०.०५ ला एक बिंदू, प्रत्येक बिंदूला १००० नमुने आणि शेवटी कव्हरेजचा आलेख. म्हणजे शंभरातल्या किती वेळा इंटरव्हलने खरे प्रमाण आपल्यात सामावून घेतले, ते. निष्कर्ष असा की प्रमाण कमी असताना लॉजिट सर्वांत भरवशाचा.

मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली: पद्धत उचलण्याआधी नमुना २० चा तो आलेख स्वतः काढून दाखव.

अडचण

विद्यार्थिनी पायथॉनमध्ये काम करते. लॉजिट इंटरव्हलचे सूत्र दोन ओळींचे आहे: रोगट भागिले निरोगी याचा लॉग घ्यायचा, त्याला १.९६ गुणिले प्रमाण-त्रुटी जोडायची आणि वजा करायची, मग दोन्ही टोके उलट फिरवून प्रमाणात आणायची. प्रमाण-त्रुटी म्हणजे एकूण भागिले (रोगट गुणिले निरोगी) याचे वर्गमूळ.

पहिल्या धावेत ०.२० पासून पुढच्या सात बिंदूंवर तिन्ही रेषा पेपरशी जुळल्या. त्याखालच्या बिंदूंवर लॉजिट जुळला नाही. सर्वांत मोठा फरक ०.०५ ला होता: तिथे तिचे लॉजिटचे कव्हरेज ०.६३ च्या आसपास आले, तर पेपरच्या आलेखात ते ०.९७ च्या थोडे वर दिसत होते. स्क्रीनवर शून्याने भागल्याची सूचनाही आली होती. रोगट झाडे शून्य असली की लॉग ऋण अनंत होतो हे तिच्या लक्षात आले. म्हणून तिने प्रघाताप्रमाणे दोन्ही संख्यांत अर्धा मिळवला. आता उत्तर ०.९२ च्या आसपास आले. तेही जुळले नाही, आणि वर एक नवा घोळ झाला. तिची लॉजिटची रेषा पहिल्या दोन बिंदूंवर विल्सनच्या रेषेवर तंतोतंत बसली. चुकून विल्सनच दोनदा चालवला की काय, असे वाटून तिने सगळा कोड पुन्हा तपासला. कोडमध्ये चूक नव्हती.

आणखी एक खूण आलेखातच होती, पण ती छपाईतला दोष समजून सोडून दिली गेली: पेपरमधली वाल्डची रेषा ०.०५ ला सुरू न होता ०.१० ला सुरू होत होती.

समोर असलेले पर्याय

सादरीकरणाला पाच आठवडे उरले होते. पुढचे मार्ग होते ते असे. एक, दहापैकी बहुतेक बिंदू जुळले आहेत, तेवढ्यावर समाधान मानून पुढे जायचे. दोन, १००० ऐवजी एक लाख नमुने काढायचे. तीन, पेपरमध्ये दिलेला सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) आणि लेखकांनी वापरलेल्या आर या प्रोग्रामिंग भाषेची जुनी आवृत्ती वापरून तेच यादृच्छिक आकडे मिळवायचे. चार, सिम्युलेशन बाजूला ठेवून कव्हरेज गणिताने काढायचे. पाच, लेखकांना पत्र लिहून कोड मागायचा.

पहिला मार्ग मॅडमनी लगेच फेटाळला. कारण सरळ होते. पेपरचा निष्कर्ष कमी प्रमाणाविषयी होता आणि न जुळणारे बिंदू नेमके तिथलेच होते.

काय केले

*वाया गेलेले आठ दिवस*

विद्यार्थिनीने दुसरा आणि तिसरा मार्ग आधी धरला. बहुतेक जण हेच करतात, म्हणून ते कुठे चुकते हे सविस्तर सांगायला हवे.

नमुने एक लाख केल्यावर तिचे उत्तर ०.९२४५ वर स्थिरावले. यातून फक्त एवढे कळले की फरक यादृच्छिक चढउताराचा नाही, आणि तेवढे कळायला कॉम्प्युटर चालवायची गरजही नव्हती. कव्हरेज ०.९२५ आणि नमुने १००० असतील, तर मॉन्टे कार्लो त्रुटी (नमुने मोजकेच असल्याने उत्तरात येणारा चढउतार) म्हणजे ०.९२५ गुणिले ०.०७५ भागिले १००० याचे वर्गमूळ, ते सुमारे ०.००८. दोन आकड्यांतला फरक ०.०५ चा, म्हणजे त्रुटीच्या सहापट. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो.

सीडच्या मागे लागणे त्याहून महाग पडले. पायथॉनमध्ये आणि आरमध्ये तोच सीड दिला तरी तेच आकडे येत नाहीत. आरचा यादृच्छिक आकडे देणारा मूळ जनरेटर मर्सेन ट्विस्टर आहे, नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीतल्या नव्या जनरेटरचा पाया पीसीजी ६४ आहे. नमपायचा जुना मर्सेन ट्विस्टर घेतला तरी सीडपासून सुरुवातीची अवस्था तयार करण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. मग तिने आर बसवले. आरच्या ३.६.० या आवृत्तीत २०१९ साली 'सॅम्पल' फंक्शनची पद्धत बदलली, हे तिला कळले आणि तिने जुनी पद्धतही लावून पाहिली. पण तो बदल 'सॅम्पल'सारख्या पूर्णांक निवडणाऱ्या कामांपुरता होता. द्विपद आकडे काढणाऱ्या 'आरबायनॉम'ला त्याचा स्पर्श होत नाही. शिवाय सीड बरोबर असला तरी प्रमाणांचा क्रम कोणता, तिन्ही इंटरव्हलांना तोच नमुना दिला की प्रत्येकाला वेगळा, एवढ्यावर पुढचे सगळे आकडे बदलतात. कोड हातात नसताना सीड जुळवणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली घासत बसणे.

*वळण*

आठवड्याच्या बैठकीत मॅडमनी कोड पाहिलाच नाही. त्यांनी बागेचा प्रश्न विचारला: "प्रमाण पाच टक्के असेल तर वीसपैकी एकही झाड रोगट न सापडण्याची शक्यता किती?"

०.९५ चा विसावा घात: ०.३५८५.

"म्हणजे शंभरातल्या छत्तीस बागा शून्यवाल्या. मग या पेपरात त्या गेल्या कुठे?"

पुढचे सगळे काम या प्रश्नातून निघाले. नमुना २० चा असेल तर रोगट झाडांची संख्या ० ते २० एवढीच असू शकते. म्हणजे इंटरव्हल फक्त २१. प्रत्येकाची टोके काढायची, त्यात ०.०५ बसते का ते पाहायचे, आणि ज्यांत बसते त्यांच्या द्विपद संभाव्यता (वीसपैकी तितकी झाडे रोगट निघण्याची शक्यता) मिळवायच्या. यात सिम्युलेशन नाही, सीड नाही, त्रुटीही नाही. कॅल्क्युलेटरवर होण्याजोगे काम आहे.

०.०५ ला संभाव्यता अशा: शून्य झाडे ०.३५८५, एक ०.३७७४, दोन ०.१८८७, तीन ०.०५९६, चार ०.०१३३. लॉजिट इंटरव्हल एक, दोन आणि तीन झाडांना ०.०५ ला सामावून घेतो, चारला घेत नाही. शून्याला तो अस्तित्वातच नाही. मग शून्याचे काय करायचे त्यावर एकाच पद्धतीची चार उत्तरे निघतात:

- शून्य म्हणजे चुकलेला इंटरव्हल धरला तर ०.६२५६
- शून्यवाले नमुने मोजणीतूनच काढून टाकले तर ०.६२५६ भागिले ०.६४१५, म्हणजे ०.९७५२
- शून्याला क्लॉपर-पिअर्सन या आणखी एका पद्धतीचा इंटरव्हल (० ते ०.१६८) दिला तर ०.९८४१
- सगळीकडे अर्धा मिळवला तर ०.९२४५

दुसरी ओळ पेपरच्या आलेखाशी जुळत होती. पहिली ओळ विद्यार्थिनीच्या पहिल्या धावेशी जुळत होती आणि चौथी दुसऱ्या धावेशी. विल्सनशी रेषा का जुळली तेही उलगडले: ०.०५ ला विल्सन आणि अर्धा मिळवलेला लॉजिट दोन्ही नेमके शून्य, एक आणि दोन यांनाच सामावतात, म्हणून दोघांचे कव्हरेज ०.९२४५. ०.१० ला दोन्ही शून्य ते चार सामावतात, तिथेही दोघांचे ०.९५६८.

वाल्डच्या हरवलेल्या बिंदूचा उलगडाही याच हिशेबातून झाला. ०.०५ ला वाल्डचे कव्हरेज ०.६३८९ येते. पेपरच्या आलेखाचा उभा अक्ष ०.८० पासून सुरू होत होता. जीजीप्लॉट या आरमधल्या आलेख काढण्याच्या साधनात 'वायलिम'ने अक्षाची मर्यादा घातली की मर्यादेबाहेरचे बिंदू आकडेवारीतूनच वगळले जातात. फक्त एक सूचना येते आणि रेषा पुढच्या बिंदूपासून सुरू होते. बिंदू न गमावता फक्त दृश्य कापायचे असेल तर 'कोऑर्ड कार्टेशियन' वापरावे लागते.

*तीच ओळ, दोन भाषा*

शून्य झाडांना लॉजिटचे वरचे टोक म्हणजे ऋण अनंत अधिक धन अनंत, अर्थात 'नॅन', संख्याच नाही. '०.०५ हे या टोकापेक्षा लहान आहे का?' असे आरला विचारले तर उत्तर येते 'एनए', माहीत नाही. सरासरी काढताना 'एनए वगळा' हा पर्याय चालू असेल तर ते नमुने निमूटपणे गळतात आणि भाजक १००० राहत नाही, ६४० च्या आसपास येतो. नमपायला हाच प्रश्न विचारला तर उत्तर 'खोटे' येते. नमुना गळत नाही, चुकलेला म्हणून मोजला जातो. म्हणून आरमध्ये ०.९७५ आणि पायथॉनमध्ये ०.६२६. कोड बरोबर आहे की चूक, असा प्रश्नच नव्हता. शून्याचे काय करायचे हे कोणी ठरवलेच नव्हते, ते भाषेने आपापल्या रीतीने ठरवून टाकले.

यात तुलनेचा तोल जातो, हे जास्त गंभीर आहे. शून्य झाडांना वाल्ड इंटरव्हल शून्य ते शून्य येतो. तो निरुपयोगी आहे, पण 'नॅन' नाही, म्हणून तो चुकलेला मोजला जातो. म्हणजे त्याच शून्याची वाल्डला पूर्ण शिक्षा झाली आणि लॉजिटला माफी मिळाली. लॉजिट सरस ठरला तो या माफीमुळे.

*खातरजमा*

जुळणारा आकडा सापडला म्हणजे कारण सापडले, असे मॅडमनी मानले नाही. दोन गोष्टी केल्या गेल्या. पेपरसोबतची वेगळी पुरवणी फाइल उतरवली. तिच्यात नमुना २० चा तक्ता होता, चार दशांश स्थळांपर्यंत. ०.०५ च्या ओळीत वाल्ड ०.६३१०, विल्सन ०.९२७० आणि लॉजिट ०.९७३२. भाजक १००० असेल तर चौथे दशांश स्थळ शून्यच असले पाहिजे. पहिल्या दोघांचे आहे, तिसऱ्याचे नाही. भाजक बदलल्याचा हा पुरावा छापील तक्त्यातच होता.

मग लेखकांना छोटे, सभ्य पत्र गेले. आरोप नव्हता. चार पर्यायांचे चार आकडे होते आणि एक प्रश्न होता: शून्य रोगट आल्यावर तुमच्या कोडमध्ये काय होते? बाराव्या दिवशी कोड आला. 'एनए वगळा' चालू होते. कोड चालवल्यावर ०.०५ ला १००० पैकी ३६६ नमुने शून्याचे निघाले. उरलेल्या ६३४ पैकी ६१७ बरोबर, म्हणजे ०.९७३२.

*बिंदूंमधली अंतरे*

अचूक हिशेब हातात आल्यावर विद्यार्थिनीने ०.०५ ऐवजी ०.००१ च्या अंतराने आलेख काढला आणि गुळगुळीत दिसणारी रेषा करवतीसारखी दातेरी निघाली. हे नवे नाही. लॉरेन्स ब्राउन, टोनी काय आणि अनिर्बन दासगुप्ता यांनी २००१ साली 'स्टॅटिस्टिकल सायन्स'मधल्या निबंधात हाच दातेरीपणा वाल्डबाबत ठसठशीत दाखवला होता. प्रमाण ०.५ असताना नमुना १७ ला कव्हरेज ०.९५१ आणि एकच निरीक्षण वाढवून १८ केले की ०.९०४, हे कोणीही स्वतः पडताळू शकतो.

इथे दात नेमका गैरसोयीच्या जागी होता. तीन रोगट झाडे असताना लॉजिटचे खालचे टोक ०.०४९२ येते. ०.०५ त्याच्या जेमतेम वर, म्हणून आत. प्रमाण ०.०४९ केले की तीन झाडांचा इंटरव्हल बाहेर पडतो आणि शून्ये वगळूनसुद्धा कव्हरेज ०.९७५ वरून ०.८८६ वर घसरते. पेपरचा पहिला बिंदू शिखरावर पडला होता. दर ०.०५ च्या जाळीतून शेजारची दरी दिसणे शक्यच नव्हते.

निष्पत्ती

आलेख जुळला, पद्धत मात्र उचलली गेली नाही. प्रबंधात विल्सन इंटरव्हल वापरायचे ठरले. एकही झाड रोगट नसलेल्या बागेला तो ० ते ०.१६१ देतो. शेतकऱ्याला सांगता येते की वीस झाडे निरोगी दिसली तरी बागेत सोळा टक्क्यांपर्यंत रोग असणे या नमुन्याशी विसंगत नाही. लॉजिटला त्या बागेबद्दल बोलताच आले नसते.

फेरतपासणीला एकूण साडेचार आठवडे लागले. त्यातले आठ दिवस सीड आणि आवृत्तीत, बारा पत्राची वाट पाहण्यात. खरा उलगडा एका दुपारचा होता. लेखकांनी शून्यांच्या हाताळणीबद्दल खुलासा जोडण्याची तयारी दाखवली. त्यांनी कोड जपून ठेवला होता आणि मागताच दिला, हे आवर्जून नोंदवायला हवे. त्यांच्या मोकळेपणाशिवाय ०.९७५ हा फक्त आपला तर्क राहिला असता.

वेगळे काय करता आले असते

अचूक हिशेब पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. शोधनिबंधातल्या सगळ्याच सिम्युलेशनांना ही सोय नसते. पण बहुतेकांत एखादे टोक असे असते की तिथे उत्तर सूत्राने काढता येते. ते आधी काढले की आपला कोड आणि छापील आकडा दोन्ही एका खुंट्याला बांधले जातात.

पुरवणी फाइल आलेखाआधी उघडायला हवी होती. आलेखावरून आकडा वाचताना मर्यादा असते. चित्रात ०.८० ते १.०० हा अक्ष ४०० पिक्सेलांचा असेल, तर एका पिक्सेलला ०.०००५ आणि रेषेची जाडी तीन-चार पिक्सेल. ०.९७ आणि ०.९२ वेगळे ओळखायला हे पुरते, भाजक बदलला आहे का हे पकडायला नाही.

पत्र आठ दिवस वाया गेल्यावर न जाता सुरुवातीलाच गेले असते तर वाट पाहण्याचे दिवस इतर कामात निघाले असते. ते थांबले होते 'आपलीच चूक असेल' या संकोचापायी. तरीही आकडे हातात नसताना पाठवलेले पत्र मोघम झाले असते आणि मोघम पत्राला मोघम उत्तर मिळते. इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मधला मार्ग असा की अचूक हिशेब आधी उरकून त्याच दिवशी पत्र पाठवायचे.

जुळलेले बिंदू का जुळले, हेही त्याच वेळी विचारायला हवे होते. ०.१० ला शून्ये वगळली तर ०.९५१, अर्धा मिळवला तर ०.९५७. १००० नमुन्यांच्या त्रुटीत हा फरक बुडून जातो. नमुना ५० ला ०.०५ वर शून्ये वगळून ०.९५९, शून्यांना सामावून ०.९६२. तिथेही तेच. म्हणजे ते बिंदू जुळल्याने काहीच सिद्ध होत नव्हते.

विद्यार्थिनीच्या आताच्या कोडमध्ये कव्हरेजच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे: किती नमुन्यांत इंटरव्हल निघालाच नाही. 'वगळा' हा पर्याय कुठेही चालू नाही, 'नॅन' आला की धाव थांबते. आणि क्षेत्रभेटीच्या फॉर्मवर बागेचे नाव, झाडांची संख्या आणि रोगट झाडे यांच्याखाली एक ओळ छापली आहे: शून्य आल्यास रकाना कोरा ठेवू नये, ० लिहावे.